सत्तावीस ग्रॅम काच

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत 94.5 किलोमीटरचा आहे. या सगळ्या अंतरावर एकच ऑप्टिकल फायबर अंथरले, आणि मग वरची प्लास्टिकची आवरणे, मजबुतीचे धागे, उंदीर कुरतडू नयेत म्हणून गुंडाळलेला पोलादी पत्रा हे सारे बाजूला काढून निव्वळ काच तराजूत टाकली, तर ती भरते जेमतेम अडीच किलो. किलोमीटरला 27 ग्रॅम. या काचेची जाडी 125 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. प्रकाश धावतो तो मात्र तिच्या मधल्या गाभ्यातून, आणि हा गाभा फक्त 9 मायक्रॉनचा. पूर्ण महामार्गाच्या लांबीचा गाभा वेगळा काढता आला, तर त्याचे वजन होईल 13 ग्रॅम.

त्या 13 ग्रॅमांत किती मावते? जून 2024 मध्ये जपानच्या एनआयसीटी या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या पुढाकाराने एका आंतरराष्ट्रीय चमूने बाजारात मिळणाऱ्या साध्या सिंगल मोड फायबरच्या एका तंतूतून, 50 किलोमीटर अंतरावर, सेकंदाला 402 टेराबिट माहिती पाठवून दाखवली. 402 वर 12 शून्ये, एवढे बिट. रस्त्यावरचा एक सीसीटीव्ही कॅमेरा आपले चित्र साधारण 4 मेगाबिटमध्ये पाठवतो. भागाकार केला की उत्तर येते 10 कोटी. दहा कोटी कॅमेऱ्यांचे थेट चित्रण, एका तंतूतून, एका वेळी.

सीसीटीव्हीची बातमी आली की तिच्यात कॅमेऱ्यांची संख्या असते, खर्चाची रक्कम असते, उद्घाटनाचा फोटो असतो. खांबापासून नियंत्रण कक्षापर्यंत जमिनीखालून जाणाऱ्या काचेचा आणि तिच्या दोन टोकांना बसवलेल्या वहीएवढ्या डब्यांचा उल्लेख क्वचितच सापडतो. मला विचाराल तर या सगळ्या व्यवस्थेतले सर्वांत थक्क करणारे आकडे तिथेच आहेत. व्यवस्था चालते की पडते, हेही बहुतेक वेळा तिथेच ठरते.

आधी चित्राचा हिशेब. फुल एचडी कॅमेऱ्याच्या एका चौकटीत 1,920 गुणिले 1,080, म्हणजे 20,73,600 ठिपके. सेकंदाला 25 चौकटी धरल्या तर ठिपके झाले 5 कोटी 18 लाख. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला 24 बिट. एकूण 124 कोटी बिट, एका सेकंदाला, एका कॅमेऱ्याचे. समोर रिकामा रस्ता असो की गणपतीची मिरवणूक, आकडा तोच. हे सगळे जसेच्या तसे पाठवणे परवडत नाही म्हणून कॅमेऱ्यातच एक चिप बसलेली असते. आधीच्या चौकटीत आणि या चौकटीत काय बदलले तेवढेच ती शोधते आणि पाठवते. 124 कोटींचे 40 लाख होतात ते असे. तीनशे भागांतला एक भाग ठेवायचा, बाकीचे टाकून द्यायचे, आणि तरी गाडीचा नंबर वाचता आला पाहिजे.

आता मुंबईकडे येऊ. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीच्या शिफारशींतून शहरभर कॅमेरे बसवण्याची योजना पुढे आली. बरीच वर्षे रेंगाळून ती ऑक्टोबर 2016 मध्ये पूर्ण झाली तेव्हा 1,510 ठिकाणी 4,717 कॅमेरे होते. पुढे त्यांत भर पडत गेली, पण हिशेबासाठी हा पहिला आकडाच घेऊ. समजा प्रत्येक कॅमेरा फुल एचडी आहे आणि 4 मेगाबिटने चित्र पाठवतो आहे. एका कॅमेऱ्याचे दिवसाला 43.2 गिगाबाइट होतात. सगळ्यांचे मिळून 204 टेराबाइट. महिनाभराचे चित्रण साठवायचे तर 6,100 टेराबाइट, म्हणजे 10 टेराबाइटच्या 600 हून अधिक हार्डडिस्क, आणि एखादी बिघडली तर चित्रण जाऊ नये म्हणून लागणाऱ्या जादा डिस्क वेगळ्याच.

हाच हिशेब वेळेत मांडला की जास्त चक्रावून टाकतो. 4,717 कॅमेरे गुणिले 24 तास म्हणजे 1,13,208 तास. वर्षाचे तास 8,760. म्हणजे मुंबईत रोज, सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत, जवळपास 13 वर्षांचे चित्रण जमा होते. एका माणसासमोर 16 चित्रे ठेवली तर एका पाळीला 295 माणसे लागतील, तीन पाळ्यांना 885. आणि 16 चित्रांवर आठ तास एकसारखी नजर ठेवणे कोणाला जमेल? काच एका वेळी 10 कोटी कॅमेरे वाहायला तयार आहे, तिच्या शेवटी बसलेल्या माणसाला डोळे दोनच.

काचेला मात्र हे ओझे ओझेच वाटत नाही. 4,717 कॅमेऱ्यांचे मिळून सेकंदाला 19 गिगाबिट होतात. 10 गिगाबिटच्या दोन वाहिन्यांत काम संपले. बरे, चित्र अजिबात न दाबता, पूर्ण 124 कोटी बिटांनिशी पाठवले तर? तरीही 5.9 टेराबिट. त्या जपानी प्रयोगातल्या एका तंतूत अशा 68 मुंबया मावतात.

हे शक्य झाले ते काच स्वच्छ झाली म्हणून, आणि ही स्वच्छता किती अवघड होती हे कळायला 1966 साली जावे लागते. इंग्लंडमधल्या हार्लो या गावी स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये काम करणारे चार्ल्स काव आणि त्यांचे सहकारी जॉर्ज हॉकहॅम यांनी त्या वर्षी एक शोधनिबंध लिहिला. काचेच्या तंतूतून टेलिफोन चालवता येईल, पण त्यासाठी प्रकाशाचा ऱ्हास किलोमीटरला 20 डेसिबलपर्यंत खाली आणावा लागेल, असे त्यात म्हटले होते. त्या काळी हाताशी असलेल्या चांगल्या काचेत हा ऱ्हास किलोमीटरला 1,000 डेसिबलच्या घरात होता.

हजार आणि वीस यांतला फरक पन्नास पट वाटतो, पण डेसिबलची मोजणी तशी नाही. दर 10 डेसिबलला प्रकाशाचा दहावा भाग उरतो. 20 डेसिबल म्हणजे शंभरावा भाग उरला. 1,000 डेसिबल म्हणजे दहाने भागायचे, शंभर वेळा. उरतो तो एकावर शंभर शून्ये एवढ्या भागांतला एक भाग. चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेल्या संख्यांच्या उतरंडीत शेवटी परार्ध येतो, एकावर 17 शून्ये. पाच परार्धांचा गुणाकार केला तरी ही संख्या गाठता येत नाही, सहावा लागतो.

याचा प्रत्यक्ष अर्थ असा. आज फायबरला जोडलेला एक साधा लेझर अर्धा मिलिवॅट प्रकाश देतो, म्हणजे सेकंदाला सुमारे 33 कोटी कोटी फोटॉन. विश्वाचे वय 1,380 कोटी वर्षे आहे. विश्व जन्मले त्या क्षणी असा लेझर 1966 च्या काचेच्या एका टोकाला लावला असता आणि आजवर अखंड पेटता ठेवला असता, तरी एक किलोमीटर पलीकडच्या टोकाला एकही फोटॉन पोहोचण्याची आशा धरता आली नसती. आशा धरता आली नसती हेसुद्धा सौम्य झाले. तोवर सुटलेल्या फोटॉनांची संख्या एकावर 33 शून्यांच्या आसपास भरते, आणि गरज शंभर शून्यांची होती.

काव यांचे मोठेपण यात की हा दोष काचेचा नाही, तिच्यात मिसळलेल्या लोहासारख्या धातूंच्या अंशांचा आहे, हे त्यांनी ओळखले. अशुद्धता काढा, काच पारदर्शक होईल, असा त्यांचा आग्रह होता. चारच वर्षांनी, ऑगस्ट 1970 मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्झ यांनी किलोमीटरला 17 डेसिबल ऱ्हास असलेला तंतू काढला. काव यांना 2009 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आज रस्त्याकडेच्या खंदकात पडलेल्या सर्वसाधारण फायबरचा ऱ्हास 1,550 नॅनोमीटरच्या प्रकाशाला किलोमीटरमागे 0.2 डेसिबल आहे. एक किलोमीटर गेल्यावर साडेपंच्याण्णव टक्के प्रकाश शिल्लक. निम्मा व्हायला 15 किलोमीटर लागतात. कळंबोलीत सोडलेल्या प्रकाशाचा सव्वा टक्का मध्ये कुठेही न वाढवता, न उजळता किवळ्याला पोहोचतो. आणि लांब पल्ल्याच्या यंत्रांना सव्वा टक्काही पुष्कळ झाला.

असे फायबर आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला बनते. स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या शेंद्रा आणि वाळूज इथल्या कारखान्यांत काचेचा भरीव दांडा घडवण्यापासून तंतू ओढण्यापर्यंतचे काम होते. या दांड्याला प्रीफॉर्म म्हणतात. वाळू वितळवून हा दांडा बनत नाही. सिलिकॉनचे एक द्रवरूप संयुग उकळून त्याची वाफ जाळतात, आणि त्यातून उडणारी काचेची काजळी थरावर थर बसवत दांडा तयार करतात. लोहासारखे धातू त्या वाफेबरोबर वर येत नाहीत, मागेच राहतात. काव यांनी मागितलेली शुद्धता या एका युक्तीने मिळाली. मग उंच मनोऱ्याच्या माथ्यावरच्या 2,000 अंशांच्या भट्टीत दांड्याचे टोक मऊ होते आणि खाली तंतू ओढला जातो. या उद्योगातला ओढण्याचा वेग आज मिनिटाला 2,000 मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. तासाला 120 किलोमीटर झाले. द्रुतगती मार्गावर मोटारीला 100 ची मर्यादा आहे. त्याहून वेगाने काच ओढली जाते आणि तेवढ्या वेगातही तिची जाडी 125 मायक्रॉनपासून एका मायक्रॉनहून जास्त ढळू देत नाहीत.

आता खांबाजवळ येऊ. कॅमेऱ्यातून निघालेली नेटवर्क केबल तांब्याची असते आणि तिची मर्यादा 100 मीटर. पूर्वीच्या अ‍ॅनालॉग कॅमेऱ्यांची कोअ‍ॅक्सिअल केबल साधारण 300 मीटरपर्यंत चांगले चित्र देई. शहर, बंदर, धरण, साखर कारखान्याचे आवार, रेल्वेमार्ग, कुठलेही घ्या, 100 मीटर म्हणजे काहीच नाही. तांब्याचा आणखी एक त्रास होता. दोन टोकांच्या अर्थिंगमध्ये जरासा फरक असला की पडद्यावर आडवे पट्टे वर-खाली सरकत राहत. वीजवाहिनीच्या शेजारून केबल नेली तर चित्र थरथरे. मुंबईच्या लोकलच्या डोक्यावर 25,000 व्होल्टची तार आहे. तिच्या बाजूने किलोमीटरभर तांबे अंथरले तर त्यात वीज उपजणारच. काचेला त्या तारेचा पत्ताही लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडते तेव्हा एका खांबावरचा विजेचा लोंढा काचेतून दुसऱ्या खांबाकडे जाऊ शकत नाही. केबलीचा पोलादी पत्रा मात्र तो नेऊ शकतो. काच आहे म्हणून पत्र्याचे अर्थिंग विसरू नये, ही गोष्ट मी भेटेल त्या ठेकेदाराला सांगत आलो आहे.

तांब्याच्या या अडचणींमुळे खांबावरच्या पेटीत विजेचा सिग्नल प्रकाशात बदलणारा डबा आला. पहिले डबे सरळ होते. चित्राचा सिग्नल जसा वर-खाली होई, तसा एलईडीचा उजेड कमी-जास्त व्हायचा. 850 नॅनोमीटरचा प्रकाश, जाड गाभ्याचा मल्टिमोड तंतू, पल्ला दोन-चार किलोमीटर. अंतर वाढले की चित्र फिके पडे. मग डिजिटल डबे आले. अ‍ॅनालॉग चित्राचे सेकंदाला 1 कोटी 35 लाख नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना 8 बिटांचा. एका कॅमेऱ्याचे झाले 10.8 कोटी बिट, आठ कॅमेऱ्यांच्या डब्याचे 86.4 कोटी. हे सगळे एका तंतूतून, अजिबात न दाबता जाई. सिग्नल पुरेसा असेल तोवर चित्र 200 मीटरवर जसे, तसेच 20 किलोमीटरवर.

या डब्यांतली मला सर्वांत लोभस वाटणारी गोष्ट उलट दिशेने जाते. फिरत्या कॅमेऱ्याला नियंत्रण कक्षातून हुकूम द्यावा लागतो: डावीकडे वळ, जवळून दाखव. त्यासाठी पेल्को-डी नावाची जी आज्ञावली जगभर रूढ झाली, तिचा एक हुकूम 7 बाइटचा. 56 बिट. वेग बहुतेकदा सेकंदाला फक्त 2,400 बिट. एकीकडून कोट्यवधी बिटांचे चित्र येते आहे, त्याच तंतूतून त्याच क्षणी दुसरीकडून 56 बिटांचा हुकूम चालला आहे, आणि दोघांची टक्कर होत नाही. एकाला 1,550 नॅनोमीटरचा प्रकाश दिलेला असतो, दुसऱ्याला 1,310 चा. दोन्ही डोळ्यांना न दिसणारे. टोकाशी एक छोटा गाळणीसारखा भाग दोघांना वेगळे करतो.

अदृश्य असला तरी हा प्रकाश मवाळ नाही. अर्धा मिलिवॅट ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो 9 मायक्रॉनच्या वर्तुळात कोंबलेला आहे. चौरस मीटरच्या हिशेबाने ते 78 लाख वॅट होतात. भर दुपारचे ऊन चौरस मीटरला हजार वॅट असते. टोकाबाहेर पडताच हा प्रकाश झपाट्याने पसरतो, त्यामुळे लांबून धोका कमी. तरीही चालू फायबरच्या टोकात डोकावून पाहू नये हे शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी बजावले जाते, आणि ते योग्यच आहे. याच कारणाने धूळही इथे मोठी ठरते. 9 मायक्रॉनचा एक कण कनेक्टरच्या बरोबर मध्यावर बसला की पूर्ण वाट अडली. रस्ताकडेच्या पेटीत असे कण किती असतील याची मोजदाद नको. जोडणीची छोटी फायबर, म्हणजे पॅचकॉर्ड, काढली की पुसल्याशिवाय परत लावायची नाही, या एका शिस्तीने जेवढे बंद कॅमेरे चालू होतील तेवढे कुठल्याही नव्या यंत्राने होणार नाहीत.

प्रकाश घेणाऱ्या टोकाची सोशिकताही पाहण्यासारखी आहे. 10 किलोमीटरसाठी विकल्या जाणाऱ्या, प्रकाश आणि वीज यांची अदलाबदल करणाऱ्या नेहमीच्या गिगाबिट एसएफपी मॉड्यूलला मिलिवॅटचा शंभरावा भाग प्रकाश मिळाला तरी चालतो. सेकंदाला 125 कोटी स्पंदने जातात, तेव्हा पाठवताना एका स्पंदनात जास्तीत जास्त 26 लाख फोटॉन असतात आणि पोहोचल्यावर 53 हजार उरले तरी बिट ओळखला जातो. शंभरातले 98 वाटेत गेले तरी चालतात.

मग ते जातात कुठे? अंतरात फारसे नाही. सांध्यात जातात.

फायबर केबल दोन किंवा चार किलोमीटरच्या ड्रमवर येते. म्हणजे दर ड्रमला एक सांधा, शिवाय प्रत्येक खांबासाठी फोडलेली जोडणी. सांधा करणारा माणूस बहुतेकदा फुटपाथवर, छत्रीच्या नाहीतर टेंपोच्या आडोशाला बसलेला असतो. समोर डब्याएवढे स्प्लायसिंग मशीन. तो तंतूवरचा रंगीत लेप चिमट्याने सोलतो, 250 मायक्रॉनचे 125 होतात. अल्कोहोलने भिजवलेल्या कपड्यातून ओढताना स्वच्छ काच किंचित किंचाळते, तो आवाज आला की पुसणे पुरे झाले असे समजतात. मग क्लीव्हरमध्ये ठेवून टोक तोडायचे, कापायचे नाही. एक ओरखडा आणि ताण, की काच सरळ तुटते. तुटलेला चेहरा काटकोनापासून एक अंशभरही कलता कामा नये. दोन्ही टोके मशीनमध्ये समोरासमोर ठेवली की कॅमेरे त्यांना मोठे करून पडद्यावर दाखवतात, बारीक मोटरी त्यांना जुळवतात, ठिणगीची कमान पेटते आणि काच काचेत वितळते. सगळे काही सेकंदांत. पडद्यावर अंदाज येतो: 0.02 डेसिबल. त्यावर पोलादी काडी असलेली नळी सरकवायची, तापवून आवळायची आणि ट्रेमध्ये नीट वेटोळे करून ठेवायचे. वेटोळे फार घट्ट झाले की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो.

आता एक मायक्रॉन चुकला असे धरू. टोके जुळली, पण गाभे एकमेकांपासून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने सरकलेले राहिले. ऱ्हास होतो सुमारे 0.16 डेसिबल. एक किलोमीटर काच जेवढा प्रकाश खाते, जवळपास तेवढाच एका मायक्रॉनच्या चुकीने गेला. मायक्रॉन आणि किलोमीटर यांत एक अब्जाची पट आहे. तीन मायक्रॉन चुकले तर 1.4 डेसिबल, म्हणजे सात किलोमीटरची काच. अंतर विकत घेणे इतके स्वस्त झाले आहे आणि हात चुकणे इतके महाग. तरी निविदेत कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल दोन पानभर आणि सांध्यांच्या मोजमापाला एक ओळ, असे पाहिले की मला मनापासून वाईट वाटते. सांधा करणाऱ्याला सावली, स्वच्छ टेबल आणि घाई न करण्याची मुभा मिळाली पाहिजे. त्याच्या अर्ध्या तासावर पुढची वीस वर्षे अवलंबून असतात.

वेळेचाही एक हिशेब आहे. काचेत प्रकाश सेकंदाला 2,04,000 किलोमीटर धावतो. द्रुतगती मार्गाची पूर्ण लांबी तो 463 मायक्रोसेकंदांत कापतो. तेवढ्या वेळात ताशी 100 किलोमीटरने जाणारी मोटार सरकते 1.3 सेंटिमीटर. पण हल्लीच्या आयपी कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर येते ते बऱ्याचदा पाव सेकंदाने, कारण चित्र दाबायला, साठवायला आणि पुन्हा उलगडायला वेळ जातो. पाव सेकंदात तीच मोटार सात मीटर पुढे गेलेली असते. त्याच पाव सेकंदात काचेतला प्रकाश 51,000 किलोमीटर गेला असता. पृथ्वीचा घेर 40,075 आहे. जॉयस्टिकने फिरता कॅमेरा चालवणाऱ्या माणसाला हा उशीर हाताला जाणवतो. जुन्या न दाबणाऱ्या डब्यांवर काम केलेले लोक त्यांची आठवण काढतात ती याचसाठी.

आणखी एक गोष्ट काच करू शकत नाही. ती कॅमेऱ्याला वीज देत नाही. 10 कोटी चित्रे वाहू शकणारा तंतू खांबापर्यंत पोहोचलेला असतो, आणि पेटीतला एमसीबी पडला किंवा यूपीएसची बॅटरी उतरली की तिथले एकमेव चित्र बंद. कॅमेरे बंद असल्याच्या तक्रारींत फायबर तुटल्याइतकेच हेही कारण असते. दुरुस्तीला दोन वेगवेगळ्या खात्यांची माणसे लागतात म्हणून ते जास्त दिवस रेंगाळते.

तुटणे मात्र टळत नाही. पाण्याची लाइन, गॅसची लाइन, गटार, मेट्रोचा खांब, रस्ता रुंदीकरण: जेसीबीच्या बादलीला 27 ग्रॅम काच जाणवतही नाही. त्या वेळी ओटीडीआर काढतात. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचे एक स्पंदन सोडते आणि काचेतून मागे विखुरलेला अगदी अल्प प्रकाश ऐकत बसते. एक मीटर जाऊन परत यायला प्रकाशाला 9.8 नॅनोसेकंद लागतात. तुटलेल्या टोकाच्या पुढून काहीच परत येत नाही, आलेख तिथे कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो. नियंत्रण कक्षात बसल्या बसल्या यंत्र सांगते: 20 किलोमीटर 140 मीटर.

पण हे अंतर काचेचे असते, रस्त्याचे नाही. केबलीच्या आत तंतू पीळ दिलेल्या नळ्यांतून फिरत जातात, म्हणून काच रस्त्यापेक्षा एक-दोन टक्के लांब भरते. शिवाय प्रत्येक चेंबरमध्ये पुढच्या दुरुस्तीसाठी वीस-तीस मीटरचा लूप सोडलेला असतो. 20 किलोमीटरचे दोन टक्के म्हणजे 400 मीटर, त्यात लूपांची बेरीज वेगळी. नॅनोसेकंद मोजणाऱ्या यंत्राचे उत्तर रस्त्यावर उतरवायला केबल टाकताना लिहिलेली नोंद लागते: कुठल्या चेंबरमध्ये किती लूप, कुठल्या मैलाच्या दगडापाशी कुठला सांधा, केबलीवर छापलेला मीटरचा आकडा तिथे किती होता. ही नोंद ज्यांच्याकडे आहे ते लोक गाडी नेमक्या जागी उभी करतात, एक खड्डा घेतात आणि संध्याकाळपर्यंत बारा रंगांचे बारा तंतू जोडून मोकळे होतात. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. ज्यांच्याकडे नोंद नाही ते अर्धा किलोमीटर रस्ता चाचपत राहतात, आणि तेवढे दिवस त्या टप्प्यावरचे सगळे कॅमेरे बंद असतात.